सोलापुरात राहून शंख-शिंपल्यांचा संग्रह कसा करावा

सोलापूरहून रत्नागिरीचा किनारा साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा, म्हणजे अख्खा दिवस प्रवासातच जातो. त्यामुळं शंख-शिंपले जमवतो म्हटलं की इथं पहिला प्रश्न ठरलेला: "सोलापुरात कुठनं मिळतात हो?"

पण हा छंद किनाऱ्यावर थोडा वेळ आणि घरी वर्षभर चालतो. धुणं, वाळवणं, मोजणं, ओळखणं, नोंद करणं आणि नीट सांभाळणं ही सगळी कामं घरची आहेत. त्यातल्या सांभाळण्याच्या कामाला सोलापूरची कोरडी हवा कोकणातल्या दमट घरापेक्षा कितीतरी बरी. शिवाय लांबून जाणारा माणूस तिथी बघून, जागा ठरवून जातो आणि हाती लागलेला प्रत्येक शिंपला निरखून बघतो. ज्यांना मनापासून सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत पहिल्यापासून सांगतो.

आधी घरातली कवडी घ्या

आपल्या भागात समुद्राची पहिली ओळख कवडीनं होते. तुळजापूर इथून जेमतेम 45 किलोमीटर. नवरात्रात आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा दिसतात, आणि कित्येक घरांत देवघरात किंवा जुन्या डब्यात एखादी कवडी असतेच. तीच घ्या आणि खिडकीच्या उजेडात बसा.

माळेत बहुतेक दोन जाती आढळतात. एक मोनेटारिया मोनेटा: कडेला उंचवटे असलेली, थोडी कोनेदार, पिवळसर-पांढरी. दुसरी मोनेटारिया अ‍ॅन्युलस: लांबट गोल, गुळगुळीत आणि पाठीवर नारिंगी-पिवळं कडं असलेली. जुन्या माळेत हे कडं फिकट झालेलं असतं. ओवण्यासाठी पुष्कळदा पाठच घासून काढलेली असते, त्यामुळं जात ओळखायला कडेच्या उंचवट्यांवर भर द्यावा लागतो.

आता ती उलटी करा. मधे लांब फट आणि दोन्ही ओठांवर दातांची रांग. हे दात पूर्ण वाढलेल्या कवडीलाच येतात. लहानपणी कवडी साध्या गोगलगायीच्या शंखासारखी असते. तिचा ओठ पातळ असतो आणि वेटोळं बाहेरून दिसतं. वाढ पूर्ण होत आली की ओठ आत वळतो, जाड होतो आणि त्यावर दात उमटतात. त्यानंतर ती लांबीनं वाढत नाही. चकाकीलाही कारण आहे. जिवंत कवडीच्या अंगाचे दोन पातळ पदर दोन्ही बाजूंनी वर येऊन शंख झाकतात आणि त्यावर थरावर थर चढवतात. म्हणून जिवंत कवडीवर शेवाळ किंवा दुसरे जीव सहसा बसत नाहीत. किनाऱ्यावर मिळालेली कवडी निस्तेज असेल तर ती मरून बरेच दिवस वाळूत घासली गेली आहे, एवढं त्यावरून कळतं.

या लहानशा वस्तूनं प्रवासही मोठा केला. मालदीवमधून आलेल्या कवड्या बंगाल-ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नाणं म्हणून चालत. आपल्या पठारावरही शंख फार पूर्वीच पोचले. सातवाहनकाळच्या ज्या गावांचं उत्खनन झालं, त्यांत शंखाच्या बांगड्या मिळाल्या आहेत. धाराशिव जिल्ह्यातलं तेर त्यांपैकीच एक.

सराव उजनीच्या काठावर

समुद्रावर जाण्याआधी हात आणि डोळा बसवायला गोड्या पाण्याचे शिंपले उत्तम. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं आणि करमाळा-माढा भागात गाळाचे लांबलचक पट्टे उघडे पडतात. हिप्परग्याच्या तलावाचा काठही सोयीचा. सकाळी लवकर जा, पायात गमबूट घाला आणि ओल्या गाळात आत शिरू नका. वरून सुकलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत रुततो. भेगाळलेल्या कडक मातीवरच चाला. या पाण्यातल्या काही गोगलगायी जनावरांच्या परजीवींच्या वाहक असतात, तेव्हा पाण्यात हात घालून चाचपू नका आणि घरी आल्यावर साबणानं हात धुवा.

तिथं काय दिसेल? लॅमेलिडेन्स गटातला मोठा, लांबट, दोन पुटांचा (म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन कवचांचा) शिंपला: बाहेरून काळपट तपकिरी सालीचा आणि आतून मोत्यासारखा चमकणारा. बेलाम्या नावाची गोलसर, टोकदार, हिरवट-तपकिरी पाणगोगलगाय. मेलॅनॉइडेसचा उंच निमुळता, बारीक रेषांचा शंख. चपट्या वेटोळ्याचा इंडोप्लॅनॉर्बिस. बार्शीकडं सोयाबीनच्या शेतात उपद्रव करणाऱ्या शंखी गोगलगायीचं रिकामं कवचही संग्रहात घ्यायला हरकत नाही. जमिनीवरचा, गोड्या पाण्यातला आणि समुद्रातला असे तिन्ही शेजारी ठेवले की फरक आपोआप शिकायला मिळतो.

इथंच एक सवय लावून घ्या. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडं करून धरा. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. जगातले बहुतेक शंख उजवे असतात. लिम्निया ही पाणगोगलगाय उजवी. साचलेल्या पाण्यात तिच्यासारखीच दिसणारी फायसा मात्र डावी. दोघी मिळाल्या तर एकाच चौकटीत ठेवा. समुद्रावर डावा शंख दिसणं फार दुर्मीळ, त्यामुळं डोळा आधीच तयार असलेला बरा.

पंचांग बघून निघायचं

दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं. कोकणात जाण्याआधी त्यात तिथी बघा, कारण शिंपले मिळतील की नाही हे बरंचसं तिथीवर ठरतं.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी आणि मध्यरात्री सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा ॲपमध्ये त्या गावाच्या नावानं पडताळून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फारसं मागं जात नाही. आपल्याला खोल ओहोटी हवी, आणि तीही उजेडात. पौर्णिमेला सकाळची ओहोटी साडेपाच-सहाला येते, तेव्हा अंधार असतो. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसातच्या आसपास. तृतीयेला आठ-सव्वाआठ. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो. म्हणून माझ्या मते कोणत्याही पक्षातली द्वितीया आणि तृतीया हे शिंपल्यांचे सगळ्यात चांगले दिवस. प्रतिपदेला रात्री पोचायचं, दोन सकाळी किनाऱ्यावर घालवायच्या आणि परत फिरायचं.

महिना ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लाटा खूप काही बाहेर फेकतात हे खरं, पण खवळलेल्या समुद्राजवळ या कामासाठी जाऊ नये. पाऊस ओसरल्यावर वाळूवर साठलेला माल तसाच मिळतो.

किनारा कोणता

एकाच प्रकारच्या किनाऱ्यावर दोन्ही दिवस घालवू नका. वाळू, खडक आणि खाडीचं तोंड या तिन्ही ठिकाणची वस्ती वेगळी. रत्नागिरीजवळ भाट्ये हा काजळी नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा किनारा. तिथं समुद्राचं आणि खाडीचं असं दोन्हीकडचं मिळतं. आरे-वारेला वाळू आणि खडक शेजारी शेजारी. गुहागरची वाळू लांबच लांब आणि चालायला मोकळी. गणपतीपुळ्याला गर्दी फार आणि पाणी दगाबाज, तिथं दर्शन घ्यावं आणि शोध दुसरीकडं करावा.

मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरावरही एक फेरी मारा. मासे निवडताना जाळ्यात आलेले शंख कोळी बांधव बाजूला टाकतात, आणि त्यांत खोल पाण्यातल्या जाती असतात, ज्या किनाऱ्यावर क्वचितच येतात. कामाच्या घाईत त्यांना अडवू नका. निवडणाऱ्या मावशींना विचारून, रिकामा असेल तोच घ्या. स्थानिक नावंही इथंच कळतात. तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, शिनाणे ही आपल्या वहीत आली पाहिजेत. त्या नावापुढं गावाचं नाव लिहा, कारण पुढच्या खाडीत तेच नाव दुसऱ्या शिंपल्याला असू शकतं.

वेळ असेल तर झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रही बघा. तिथल्या संग्रहालयात नावांसकट मांडलेले नमुने बघितले की दुसऱ्या दिवशी वाळूवर डोळे वेगळंच काम करतात.

पिशवीत काय असावं

दोन झाकणबंद प्लास्टिकचे डबे, एक मोठा आणि एक लहान कप्प्यांचा. नाजूक शिंपल्यांसाठी टिश्यू. झिप लावायच्या छोट्या पिशव्या. पेन्सिल आणि खिशात मावणारी वही. पेन ओलाव्यात दगा देतं. 10 पट मोठं दाखवणारं भिंग, जुना टूथब्रश, पाणी, टोपी. खडकावर जायचं तर मागं पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला. मोठी गोणी नेऊ नका. जागा असली की भरली जाते, आणि घरी आल्यावर त्यातलं निम्मं ओळखायचंच राहून जातं.

वाळूवर चालताना

ओहोटीच्या वेळेच्या दोन तास आधी पोचा. पाणी मागं सरकतं तसं आपण त्याच्यामागं जायचं आणि पाणी परत फिरलं की आपणही फिरायचं. खडकांवर असाल तर मागची वाट बंद होत नाही ना, हे सतत बघा. समुद्राकडं पाठ करून वाकायचं नाही.

पहिल्यांदा भरतीरेषा बघा: भरतीचं पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथं काटक्या, शेवाळ आणि कचऱ्याची ओळ असते. हलके, लहान, पातळ शिंपले त्या ओळीत अडकतात. जड शंख खाली, पाण्याच्या जवळ. ओळीतला बारीक चुरा काड्यापेटीभर उचलून पिशवीत घाला. घरी काळ्या कागदावर पसरून, ओल्या ब्रशच्या टोकानं भिंगाखाली निवडायला बसलं की चार-पाच मिलिमीटरांचे पूर्ण, सुबक शंख निघतात. सोलापुरात बसून पावसाळ्याच्या दुपारी करायला यासारखं काम नाही.

सुरुवात करणाऱ्यानं उंबोनियम हा बटणाएवढा, चपटा, गुळगुळीत शंख जरूर गोळा करावा. कोकणच्या वाळूत तो भरपूर आहे. रंग गुलाबी, राखाडी, तपकिरी, आणि नक्षी प्रत्येकाची निराळी. एकाच जातीत किती फरक असू शकतो हे दहा-बारा उंबोनियम ओळीनं मांडले की समजतं, आणि मग नुसत्या रंगावरून जात ठरवायची घाई होत नाही.

भोक पडलेला शिंपला फेकू नका. तिसरी या शिंपल्याच्या पुटाला बिजागरीजवळ एक स्वच्छ गोल भोक दिसतं. मुलं त्यातून दोरा ओवतात, पण भिंगाखाली धरा. भोकाची कड बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेली असेल तर ते नॅटिका गटातल्या शंखानं पाडलेलं असतं. तो वाळूखालून येतो, शिंपल्याला आपल्या रुंद पायात गुंडाळतो, आम्ल सोडून कवच मऊ करतो, दातेरी जिभेनं खरवडत भोक पाडतो आणि आतला जीव खातो. म्युरेक्स गटातल्या शिकारी शंखाचं भोक साधारण सरळ भिंतीचं असतं. काही पुटांवर अर्धवट सोडलेलं भोक मिळतं. शिकार तिथं फसली. असा एक शिंपला मला दहा चकचकीत शंखांपेक्षा मोलाचा वाटतो.

दगड उलटला तर आहे तसा परत ठेवा. त्याच्या खालचे जीव उन्हात थोड्याच वेळात मरतात.

काय उचलायचं नाही

जिवंत काहीही नाही. शंखाच्या तोंडाशी झाकण घट्ट बसलेलं असेल किंवा आत ओलसर मांसल भाग दिसत असेल तर आत जीव आहे. रिकामा वाटणारा शंख उथळ पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून बघा, पुष्कळदा आतून शंखातला खेकडा पाय बाहेर काढतो. ते त्याचं घर आहे, तिथंच राहू द्या. याच कारणासाठी एका जागचे सगळेच रिकामे शंख उचलू नयेत.

कोनस, म्हणजे शंकूच्या आकाराचा, रुंद माथ्याचा शंख, वाळूत सुकलेला आणि पोकळ दिसल्याशिवाय हातात घेऊ नका. जिवंत कोनसकडं विषारी दात असतो. काही जातींचा दंश माणसाला जिवघेणा ठरतो, आणि तोंडाच्या विरुद्ध बाजूनं धरलं तरी तो पोचू शकतो.

कायदाही नीट समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2001 मध्ये त्याच्या अनुसूचींत शंख-शिंपल्यांच्या 24 जाती आल्या, आणि 2022 च्या दुरुस्तीनं अनुसूचींची फेरमांडणी झाली. हेल्मेट शंख (कॅसिस कॉर्नुटा), ट्रायटन, नॉटिलस, ट्रायडॅक्ना हे राक्षसी शिंपले, लॅम्बिसच्या काही जाती, ट्रोकस निलोटिकस यांना त्यात संरक्षण आहे. खाडीत मिळणारा चपटा, अर्धपारदर्शक प्लॅकुना, ज्याची पुटं गोव्यातल्या जुन्या खिडक्यांना बसवलेली दिसतात, तोही यादीतला. प्रवाळ आणि समुद्रपंखा तर तुटका तुकडाही उचलायचा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे 1987 मध्ये घोषित झालं, काहीच गोळा करू नये. शंका आली की फोटो काढा, मोबाईलवर जागेची नोंद होऊ द्या आणि वस्तू तिथंच ठेवा. फोटोही संग्रहातच धरायचा.

घरी आल्यावर: धुणं आणि वाळवणं

पहिलं काम मीठ काढणं. साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि दोन-तीन दिवस रोज पाणी बदला. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. मग मऊ ब्रशनं वाळू काढा. चिकटलेली चुनखडी लाकडी टूथपिकनं, धीरानं.

वास किंवा शेवाळ राहिलं तर घरगुती ब्लीच तेवढ्याच पाण्यात मिसळून, प्लास्टिकच्या भांड्यात, गच्चीवर, हातमोजे घालून. अर्ध्या-अर्ध्या तासानं बघत राहा आणि काम झालं की भरपूर पाण्यानं धुवा. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका. आम्लाशी मिळालं की विषारी वायू सुटतो. उजनीच्या शिंपल्यावरची तपकिरी साल हा त्याचाच भाग आहे, ती ब्लीचनं जाते, म्हणून त्याला फक्त पाणी आणि ब्रश.

लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांच्या वाटेला जाऊच नका. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा. आम्लानं तो विरघळतो. वरचा थर जाऊन क्षणभर चमक दिसते, पण नक्षीच्या बारीक रेषा कायमच्या जातात. कवडी उकळत्या पाण्यातही टाकायची नाही; तिच्या चकाकीला बारीक तडे जातात.

वाळवायचं सावलीत. इथलं मे महिन्याचं ऊन 42-43 अंशांच्या पुढं जातं, त्यात रंग उडतात. दोन पुटांचा शिंपला अखंड जोडीनं मिळाला असेल तर ओला असतानाच मिटवून दोऱ्यानं बांधा. सांध्याची पट्टी सुकली की कडक होते आणि मग उघडायला गेलं तर तुटते. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची साल आपल्या कोरड्या हवेत तडकते, म्हणून पूर्ण वाळण्याआधीच तिच्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. समुद्री शंखांना मिनरल ऑइलचा एक थेंब कापडावर घेऊन पुसलं तरी पुरे. वॉर्निश कधीच नको.

चिठ्ठी

इथं थोडा थांबतो, कारण संग्रह आणि ढीग यांत फरक आहे तो या चिठ्ठीचा. कुठं मिळाला, कधी मिळाला हे माहीत नसलेला शंख दिसायला कितीही देखणा असला तरी अभ्यासाला त्याचा जवळपास उपयोग नाही. उलट कड तुटलेली साधी तिसरी, नीट नोंदीसह, पन्नास वर्षांनी त्या खाडीत काय राहत होतं याचा पुरावा ठरते. कोकणच्या खाड्या झपाट्यानं बदलताहेत, म्हणून मी याबाबत फार आग्रही आहे.

नोंद वाळूवरच करा. "घरी गेल्यावर लिहू" म्हटलं की दोन किनाऱ्यांचा माल एकत्र होतो. प्रत्येक जागेची वेगळी पिशवी आणि पिशवीत पेन्सिलीनं लिहिलेला कागद. घरी त्याची पक्की चिठ्ठी करायची. ती अशी असावी:

क्र. 27
नॅटिका गट, जात ठरायची आहे
भाट्ये, रत्नागिरी, नदीमुखाकडची वाळू
17-12-2024, मार्गशीर्ष कृष्ण द्वितीया, सकाळची ओहोटी
भरतीरेषेच्या खाली, ओल्या वाळूवर. रिकामा, झाकण नाही
लांबी 24 मिमी
उचलणाऱ्याचं नाव

तिथी लिहिली की पाणी किती मागं होतं याचा अंदाज पुढच्या वाचणाऱ्याला आपोआप येतो, म्हणून मी ती सोडत नाही. लिखाण पेन्सिल किंवा न उडणाऱ्या काळ्या शाईचं. बॉलपेन फिकटतं, जेल पसरतं. हाच क्रमांक शंखाच्या तोंडाच्या आत, जिथं नक्षी झाकली जाणार नाही अशा जागी, बारीक निबनं घाला. डबे कधीतरी हातातून पडतात. क्रमांक असला की सगळं पुन्हा जागेवर लागतं. आणि सगळे क्रमांक एका जाड वहीत ओळीनं. मोबाईलमध्येही ठेवा, पण वही हवीच.

ओळख पटवणं

जात लगेच ठरवायच्या मागं लागू नका. आधी वर्ग: एकसंध वेटोळ्याचा शंख, दोन पुटांचा शिंपला, दोन्ही टोकांना उघडी वाकडी नळी (डेंटालियम), की समुद्रफेन, जे शंख नसून सेपिया या प्राण्याच्या आतलं हलकं कवच आहे. मग कुळ. शंखात वेटोळी किती, टोक उंच की बसकं, तोंड गोल की लांबट, खालच्या बाजूला नळीसारखी पन्हळ आहे का, ज्याभोवती वेटोळी फिरतात त्या मधल्या खांबावर घड्या आहेत का. शिंपल्यात आतली बाजू बघा: बिजागरीचे दात कसे, स्नायू चिकटल्याच्या खुणा एक की दोन. बाहेरच्या रंगापेक्षा आतल्या खुणांवर माझा जास्त भरवसा. काळानं आधी उडतो तो रंगच.

मोजायला व्हर्नियर कॅलिपर घ्या, लांबी मिलिमीटरमध्ये. फोटो दोन तरी हवेत, तोंडाकडून आणि पाठीकडून, बाजूला पट्टी ठेवून. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की जाणकार नाव सुचवतात. सुचवलेलं नाव मोलस्काबेस या शंख-शिंपल्यांच्या शास्त्रीय नावांच्या संकेतस्थळावर तपासा, कारण जुन्या पुस्तकांतली कितीतरी शास्त्रीय नावं आता बदलली आहेत. अगदीच अडलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. चिठ्ठीवर पेन्सिलीनं "बहुधा" लिहून ठेवायला कमीपणा मानू नका.

ठेवायचं कुठं

इथं बहुतेकांचा गैरसमज असतो की लाकडी शोकेस सगळ्यात उत्तम. प्लायवूड, एमडीएफ, काही लाकडं आणि हलक्या दर्जाचा पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते. बंद कप्प्यात ती साठते आणि शंखावर पांढरी भुकटी धरू लागते. बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकानं 1899 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला बाइनचा रोग म्हणतात. तो संसर्गजन्य नाही, निव्वळ रसायनाचा परिणाम आहे, पण झालेली झीज भरून येत नाही. ओलाव्यात ही क्रिया जोर धरते. आपली कोरडी हवा इथं कामी येते.

घरातलं लोखंडी कपाट, त्यात पॉलिप्रॉपिलिनचे पारदर्शक डबे, खाली पांढरा आम्लरहित कागद किंवा पॉलिथिन फोम. कापसात शंख रुतवून ठेवू नका. कुठल्या भिंतीवर ऊन येतं ते बघून कपाट हलवा. पावसाळा संपला की एकदा सगळे डबे उघडून, एकेक नमुना बोटानं चाचपून बघा. भुकटी दिसली तर तो नमुना वेगळा काढा, पाण्यानं धुवून पूर्ण वाळवा आणि त्या कप्प्याचं साहित्य बदला.

विकतचे शंख

पंढरपूर, तुळजापूरच्या दुकानांत आणि यात्रांमध्ये चकचकीत शंख, शिंपल्यांचे पडदे, माळा मिळतात. संग्रहासाठी ते घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एवढी ताजी चकाकी असलेले शंख बहुधा जिवंत पकडलेले असतात, कधी संरक्षित जातींचेही असतात, आणि जागेची माहिती कुणाकडंच नसते.

पूजेसाठी दक्षिणावर्ती शंख घेणाऱ्यांना मात्र दोन गोष्टी माहीत असाव्यात. आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. तो साधारणपणे उजवा असतो. त्याच्यातला क्वचित सापडणारा डावा शंख पन्हळ वर करून धरला की तोंड उजवीकडं येतं, तोच दक्षिणावर्ती. खऱ्या टर्बिनेलाच्या तोंडातून आत, मधल्या खांबावर, बोटाला तीन-चार ठळक घड्या लागतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लाइटनिंग व्हेल्क हा शंख मुळातच डावा, तिकडं सहज मिळणारा, आणि त्याच्या खांबावर अशा घड्या नसतात. दक्षिणावर्ती म्हणून विकला जातो तो पुष्कळदा हा. पैसे देण्याआधी बोट आत घालून बघा.

देवघरात आजी-पणजीच्या काळापासून आलेला शंख असेल तर तो तिथंच राहू दे. त्याचाही फोटो, लांबी आणि घरातल्या मोठ्यांना आठवेल तेवढी माहिती वहीत उतरवून घ्या: कुणी आणला, कोणत्या यात्रेतून, अंदाजे कोणत्या साली. जागेच्या रकान्यात "माहीत नाही" असं स्वच्छ लिहा.